घर बघायला जुलैत या

पत्र नाशिकहून आलं आहे, थोडक्यात देतो.

‘यजमानांची बदली वांद्रे-कुर्ला संकुलात झाली आहे. आठवड्यातले ४ दिवस ऑफिस, साडेनऊला हजेरी. मी घरूनच काम करते, छोट्या व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब. मुलगी ऑगस्टमध्ये ६ वर्षांची होईल, म्हणजे जूनमध्ये पहिलीत. धाकटा १४ महिन्यांचा आहे, थंडीत त्याची छाती भरते. सासूबाई सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना मोकळी हवा आणि समुद्र मिळावा अशी आमची इच्छा. नाताळच्या सुट्टीत वसई पश्चिम बघून आलो आणि प्रेमातच पडलो. एका नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावरचा “सी व्ह्यू” फ्लॅट दाखवला. दुसरा वसई गावाच्या बाजूला २२ वर्षं जुन्या बिल्डिंगमधला, दुसऱ्या मजल्यावरचा आहे. नवऱ्याच्या मित्राचा आग्रह उलव्याचा, उत्तनही सुचवलंय, आणि काकांचं म्हणणं सरळ अलिबागला जा. एजंट म्हणतो पाडव्याच्या आत टोकन द्या, मग भाव वाढतील. काय करावं?’

ताई, पाडव्याच्या आत टोकन देऊ नका. एवढं एक ऐकलंत तरी चालेल. बाकीचं सविस्तर सांगतो.

वसई नाताळात बघितलीत, त्या दिवसांत ती कुणालाही आवडेल. कोरडी हवा, सजवलेली घरं, वाड्यांमधल्या सावल्या. पण घर घ्यायचं ते जुलैसाठी. किनारपट्टीवर घर समुद्रापासून किती दूर आहे यापेक्षा ते कोणत्या उंचीवरच्या जमिनीवर आहे, याला जास्त महत्त्व आहे. बाहेरून येणाऱ्याचा हिशेब बरोबर उलटा असतो. त्याला वाटतं, समुद्राला चिकटून असलेलं घर आधी बुडणार आणि स्टेशनजवळचं सुरक्षित. वसईत तसं घडत नाही. पश्चिमेची जुनी गावं वाळूच्या उंचवट्यावर वसली आहेत. तिथे विहिरी आहेत, बावखलं (गावतळी) आहेत, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. ही गावं आणि रेल्वे यांच्या मधला पट्टा मात्र सखल. भातखाचरं, खाजण, मिठागरं असलेल्या या भागात भराव टाकून कॉलन्या उभ्या राहिल्या. पाणी साचतं ते तिथे. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडली आणि वसई-विरारच्या बऱ्याच भागांत वीजही बंद ठेवावी लागली. दिवाणमान, वसंत नगरी, एव्हरशाइन ही नावं त्यानंतर दर पावसाळ्यात ऐकू येतात. यातली शेवटची दोन पूर्वेला, समुद्रापासून चांगली लांब.

असं का होतं ते नीट समजून घ्या, घर तपासताना उपयोगी पडेल. नाल्यांचं पाणी शेवटी खाडीत जातं. खाडीला भरती असली की नाल्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी वर येते आणि आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही. मुसळधार पाऊस नेमका त्याच तासांत आला, तर ओहोटी लागेपर्यंत पाणी कॉलनीतच थांबतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री १२च्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक तोंडी हिशेब करतात: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३ वाजता, दशमीला साडेसातला. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण कामापुरतं पुरतं. उधाण सगळ्यात मोठं असतं ते अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे घर बघायचा मुहूर्त ठरला: आषाढातली अमावास्या किंवा पौर्णिमा, दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता, धो धो पाऊस असताना. एजंट येणार नाही. तुम्ही जा.

तोपर्यंत, कोरड्या दिवसांतही पाण्याच्या खुणा वाचता येतात. बिल्डिंगच्या फाटकाशी उभं राहून रस्ता आणि आवार यांची उंची बघा. महापालिका रस्ता काँक्रीटचा करते तेव्हा तो उंच होतो, जुनी सोसायटी खाली राहते आणि आवाराचा वाडगा होतो. पार्किंगमधल्या कॉलमच्या खालच्या फूट-दीड फुटावर रंगाची आडवी रेघ किंवा नवा गिलावा दिसतो का? विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? मीटरपर्यंत पाणी आलं की महावितरण पुरवठा तोडतं. मग लिफ्ट बंद, पंप बंद, आणि सासूबाई दुसऱ्या मजल्यावर अडकल्या. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बघा. ते आवाराच्या पातळीलाच असेल, तर साचलेलं गटाराचं पाणी टाकीत उतरतं आणि पुढचे आठ दिवस घरात जुलाब चालतात. किमान दीड-दोन फुटांचा कट्टा बांधून त्यावर झाकण असलं पाहिजे. सगळ्यात खरी साक्ष मात्र तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराची. त्याला काही विचारायचंही कारण नाही. त्याच्या रॅकची सगळ्यात खालची फळी बघा. तिथे गव्हाची पोती असतील तर निश्चिंत व्हा. फळी रिकामी असेल, किंवा तिथे फक्त प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खराटे मांडले असतील, तर त्याला पाणी ठाऊक आहे.

आता तुमच्या यादीतली गावं घेऊ. अलिबाग पहिल्यांदा बाजूला ठेवा. गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आहे, तासाभरात पोचवते, पण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. साडेनऊच्या हजेरीसाठी तिच्यावर विसंबता येणार नाही. काका निवृत्त असतील तर त्यांनी अवश्य जावं.

उत्तन देखणं आहे, हे खरं. पण भाईंदर स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर; बस किंवा रिक्षा, आणि रात्री उशिरा परतताना दोन्हींची वानवा. गावाचा मुख्य धंदा मासेमारी. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात तेव्हा हवेला त्याचा वास असणारच. तो ज्याला चालत नाही त्याने कोळीवाड्याशेजारी घर घेऊच नये. तुमच्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे: मीरा-भाईंदरचा घनकचरा प्रकल्प उत्तनलाच आहे आणि तिथल्या कचऱ्याला आगी लागतात. छाती भरणाऱ्या मुलाला घेऊन त्या धुराच्या टप्प्यात राहायला जाऊ नका.

उलव्याचं आकर्षण आम्हाला कळतं. सिडकोची आखीव वसाहत, रुंद रस्ते, अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू झालेला, शेजारी नवी मुंबईचा विमानतळ. नवऱ्याचं ऑफिस शिवडी किंवा फोर्टात असतं आणि रोज गाडीने जायचं असतं, तर आम्ही वेगळं बोललो असतो. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी लोकलचा मार्ग असा: बामणडोंगरी किंवा खारकोपरहून नेरूळ, तिथे हार्बरला बदलून कुर्ला, आणि कुर्ल्याहून बस किंवा शेअर रिक्षा. उरण मार्गावरच्या गाड्या मुख्य मार्गांसारख्या पाच-पाच मिनिटांनी येत नाहीत. एक चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. शिवाय तुम्हाला समुद्र हवा आहे आणि उलव्याला समुद्र नाही, खाडी आणि कांदळवन आहे. पुळण बघायची तर उरणला पीरवाडीपर्यंत जावं लागेल. डोंगर कापून आणि भराव टाकून सपाट केलेल्या या भागात बांधकामांची धूळ अजून काही वर्षं राहणार. धाकट्याचा विचार करता एवढं एकच कारण पुरेसं आहे.

राहता राहिली वसई. आमचंही मत वसईच्याच बाजूने आहे, पण नवऱ्याच्या प्रवासाचा हिशेब आधी खुल्या डोळ्यांनी करा. घर ते स्टेशन शेअर रिक्षाने १५-२० मिनिटं. वसई रोड ते वांद्रे फास्ट लोकलने पाऊण तास ते पन्नास मिनिटं. गाडीची वाट, जिने, आणि वांद्र्याहून संकुलापर्यंत रिक्षाची रांग धरून अर्धा तास तरी. दारापासून खुर्चीपर्यंत पावणेदोन तास धरा. येऊन-जाऊन साडेतीन, चार दिवसांचे चौदा. ‘लोकलने पन्नास मिनिटं’ असं एजंट सांगतो ते खोटं नसतं, पण ते फक्त रुळांवरचं अंतर आहे.

त्यात गाडीत चढता येणं हा वेगळाच विषय. सकाळी विरारहून भरून आलेल्या फास्टमध्ये वसईला पाय ठेवायला जागा मिळाली तरी खूप. वसईहूनच सुटणाऱ्या गाड्या पाठ करून घ्या. पुष्कळ लोक आधी उलटे विरारला जातात आणि तिथून बसून येतात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात, पण पुढचा तास बसायला मिळतं. पास विरारपासूनचा काढा म्हणजे टीसीची कटकट नको. दुसरी एक वाट पावसाळ्यात कामाची आहे: अंधेरीला उतरायचं, मेट्रो १ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ने थेट बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. पैसे जास्त लागतात, पण वांद्रे स्टेशनबाहेरच्या पाण्यात रिक्षा शोधावी लागत नाही. टोकन देण्याआधी नवऱ्याने एका मंगळवारी किंवा बुधवारी हा प्रवास दोन्ही बाजूंनी करून बघावा. संध्याकाळी सातच्या सुमारास वांद्र्याला विरार फास्टमध्ये चढण्याचा प्रयत्न केला की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. त्यानंतर ‘मला नाही जमणार’ असं त्यांनी म्हटलं, तर समुद्राचा हट्ट सोडून बोरिवली-दहिसरकडे छोटं भाड्याचं घर बघा. त्यात कमीपणा नाही. मुलांना समुद्र महिन्यातून दोनदा मिळेल, वडील रोज रात्री मिळतील.

प्रवास झेपणार असेल तर वसई पश्चिमेत पापडी, तामतलाव, पारनाका, बंगली या जुन्या वस्तीच्या बाजूला बघा. स्टेशनपासून साधारण चार ते सहा किलोमीटर, महापालिकेची बस आणि शेअर रिक्षा दोन्ही. सुरुची बागेचा किनारा जवळ, भुईगावचं सुरूचं बन थोडं पुढे. बंगलीला कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल आहे, पारनाक्याला महापालिकेचं पेटिट. तरी घर नक्की करण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारा: रात्री २ वाजता बालरोगतज्ज्ञ असतो का, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का. कारण रात्री मुंबईत न्यायची वेळ आली तर गाडीची वाट वसईच्या पूर्वेला जाऊन, महामार्गाने वर्सोवा पुलावरून आहे, आणि त्या महामार्गावर ट्रक आडवा झाला की दोन तास गेले. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, पण रात्रीच्या आजारपणात ती धरू नका.

तुम्ही बघितलेल्या दोन फ्लॅटांपैकी चौदाव्या मजल्याचा मोह आधी दूर करतो. आपल्या किनाऱ्यावर सी व्ह्यू म्हणजे पश्चिमेची भिंत. नैर्ऋत्येचा पाऊस चार महिने त्याच भिंतीवर आडवा आपटतो आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिथेच. खिडक्यांच्या चौकटींतून पाणी झिरपतं, भिंत ओली होते, कपाटामागे बुरशी धरते, आणि तुमच्या धाकट्याच्या छातीला बुरशीइतकं वाईट दुसरं काही नाही. हौसेचा खर्च वेगळाच: साध्या लोखंडी ग्रिलला दोन पावसाळ्यांत गंज, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीला खार. समुद्र सरळ समोर असेल तर स्टेनलेस स्टील ३०४ सुद्धा तांबूस डाग धरतं, ३१६ घ्यावं लागतं. खाऱ्या वाऱ्याचा जोर पहिल्या काहीशे मीटरमध्ये सगळ्यात जास्त आणि पुढे झपाट्याने कमी होतो. घर किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत, झाडांच्या आडोशाला, पूर्व किंवा उत्तर उघडी असलेलं, आरपार वारा येणारं, आणि वर आणखी मजला असलेलं असावं. गच्चीखालचा मजला नको.

नव्या टॉवरची कागदपत्रं हा त्याहून गंभीर भाग. महारेरा क्रमांक फलकावर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बनावट बांधकाम परवानगी दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याची प्रकरणं वसई-विरारमध्ये पोलिसांपर्यंत गेली आहेत. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या आणि २०२५च्या सुरुवातीला त्यातली शेवटची कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांच्याकडेही कागद होते. म्हणून एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास न ठेवता सीसीचा (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचा) क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकारात पडताळा. किती मजल्यांपर्यंत सीसी आहे तेही बघा. दहाव्यापर्यंतची परवानगी असताना चौदावा विकायला काढलेला असू शकतो. सातबारा, बिनशेती आदेश आणि ३० वर्षांच्या मालकीचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून, बिल्डरच्या नव्हे. जवळ खाडी किंवा तिवरं असतील तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र मागा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. आणि रेरा कायद्याच्या कलम १३प्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘आधी २५ टक्के भरा, करारनामा नंतर करू’ असं कुणी म्हणालं की चहा संपवून उठायचं.

दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट आम्हाला अधिक पटतो, पण बावीस वर्षांची इमारत किनाऱ्यावर बावीसच वर्षांची राहत नाही. हवेतला खार काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. खुणा अशा: कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभ्या भेगा, बीमच्या खालच्या बाजूला तपकिरी ओघळ, बाल्कनीच्या छताचे पोपडे, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा. भारतीय मानक आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी किमान एम३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगतं. जुन्या बिल्डिंगमध्ये ते पाळलं असेल असं धरून चालू नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायला हवं. त्याचा अहवाल मागा आणि त्यात रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटचा वरचा टणकपणा बघणाऱ्या चाचणीच्या) पुढे जाऊन कार्बोनेशन आणि हाफ-सेल चाचणी केली आहे का ते बघा. सळईला गंजाचा धोका किती, हे या दोन चाचण्यांतून कळतं. अहवालच नसेल तर स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर न्या. सगळ्या बिल्डिंगला नुकताच रंग दिला असेल तर जास्तच बारकाईने बघा. लिफ्ट नसेल तर सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दुसरा मजला उंचच आहे.

त्याच सोसायटीकडून गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद मागा. त्यात ‘टँकर’ या नावाने किती खर्च दाखवलाय ते वाचा आणि महिन्यांप्रमाणे विचारा. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हारचं पाणी येतं. सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारसाठी १८५ दशलक्ष लिटर रोज मंजूर आहे. पण शहराला पाणी मिळणं आणि तुमच्या नळाला येणं यांत बरंच अंतर असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटं पाणी येतं हे वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. बोअरिंगचं पाणी किनाऱ्याजवळ खारट निघतं. साबणाला फेस येत नसेल, नळांवर पांढरे थर असतील, तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजा. शे-दोनशेचं यंत्र मिळतं. पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मानकाची मर्यादा आहे. त्याच्या आत असेल तर क्षारांसाठी आरओची गरज नाही, आकडा हजारापुढे असेल तर अंघोळीनंतर लहान मुलाचं अंग खाजू शकतं आणि गीझरची कॉइल लवकर जाते.

मुलीच्या शाळेकडे मात्र आजच लक्ष द्या, त्याला जुलैपर्यंत थांबता येणार नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, ती अट ती पूर्ण करते. पण बऱ्याच खासगी शाळांचे अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच सुटतात आणि पहिलीत जागा उरतात त्या कुणी गाव सोडून गेलं तर. आधी शाळा पक्की करा, मग तिच्यापासून दोन किलोमीटरच्या आत घर शोधा. सखल भागातून जाणारी स्कूल बस पावसात पहिल्यांदा रद्द होते, आणि दुपारी साडेबाराला मुलीला आणायला तुम्हीच जाणार आहात, कडेवर धाकटा आणि अर्धवट राहिलेलं जीएसटी रिटर्न घेऊन. इंटरनेटचंही विचारून ठेवा: शेजारी कोणती केबल आहे आणि वीज गेल्यावर ती चालते का. महिन्याच्या २० तारखेला, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, तुम्हाला तो प्रश्न नक्की पडेल.

म्हणून आमचं म्हणणं: एप्रिलपासून याच भागात ११ महिन्यांच्या कराराने भाड्याने राहा. लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आहे. मालक ‘नोटरी पुरे’ म्हणाला तरी ऐकू नका, शाळेला आणि गॅसला तोच करार दाखवावा लागतो. करारात लॉक-इन (घर सोडता न येण्याचा काळ) दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पावसात गळती निघाली तर दुरुस्ती मालकाकडे, असं वाक्य घालून घ्या. त्या एका पावसाळ्यात नवऱ्याचा प्रवास, धाकट्याची छाती, नळाचं पाणी आणि दोन्ही बिल्डिंगांचं आवार, सगळं बघून होईल. भाव वर्षात थोडे वाढतील, हे एजंटचं म्हणणं धरून चालू. भाड्यात गेलेले पैसे आणि ती वाढ एकत्र केली तरी बुडणाऱ्या आवारातल्या घराच्या तोट्यापुढे ती रक्कम किरकोळ आहे. घेताना घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तेवढी भरपाई तिथेच होईल.

समुद्राविषयी थोडं, कारण मुलांसाठी तो तुम्हाला हवाच आहे. पाऊणपटीचा हिशेब इथेही वापरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी भरती होऊन गेलेली असते, संध्याकाळी ५ला पाणी मागे चाललेलं असतं आणि पुळण मोकळी मिळते. मुलांना तेव्हा न्या. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी सहाला पाणी पूर्ण वर. पाणी वर येत असताना लांबच्या वाळूच्या पट्ट्यावर मुलांना घेऊन बसू नका, ते मागच्या खोलगट भागात आधी भरतं आणि परतीची वाट तुटते. वसई किल्ल्याच्या बाजूला खाडीचं तोंड आहे, तिथे चिखल आणि ओढ दोन्ही आहेत, पाण्यात उतरायचंच नाही. जून ते सप्टेंबर कुठेही नाही. पावसाळ्यात वाळूवर निळसर फुग्यासारखी जेलीफिश दिसली तर मुलीला हात लावू देऊ नका, मेलेलीही डंख मारते. धाकट्याला खारा वारा मानवतो की नाही हे त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. त्याची नाशिकची औषधांची फाइल आणि नेब्युलायझर सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.